बर्फावर उलट्या पावली

मु. पो. किकवी, ता. भोर
१२ जुलै, शुक्रवार

थोरल्या जाऊबाई फुलाआक्का यांना,

धाकटी जाऊ छाया हिचा वाकून जय भीम. वाकून हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेले अडीच महिने मी वाकलेलीच आहे, सरळ व्हायला गेलं की कमरेतून आवाज येतो, त्यामुळे सध्या ज्याला ज्याला माझा जय भीम पोचतो त्याला तो वाकूनच पोचतो. तुमचे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेता, की प्रशिक ऑफिसला गेल्यावर आठवली तर घेता? वेल्ह्याला पाऊस आमच्या दुप्पट, तेव्हा तुमच्या मागच्या पायरीला शेवाळ धरलं असेल. राख टाकत जा आणि भिंत धरून उतरा. (घसरण्यातलं माझ्याइतकं कळणारं माणूस सध्या साऱ्या भोर तालुक्यात नाही, म्हणून हक्कानं सांगते.)

पत्राला तसं काही कारण नाही. फोन केला असता, पण तुमच्या घरी माझा फोन आला की सूनबाई तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवते, मग कुकरच्या शिट्टीसकट सगळं घर ऐकतं, आणि तुम्ही "बरं हाय, बरं हाय, बरं हाय" असं तीनदा म्हणून फोन ठेवून देता. एका घरात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यात तुम्ही खरोखर बऱ्या असताना एकदाही बरं आहे म्हणाला नव्हता, कामाचंच बोलायचात. तेव्हा मला काय कळायचं ते कळलं. पत्र बरं, ते तुम्ही एकट्या वाचाल. बचत गटाचं प्रोसिडिंग बारा वर्षं लिहिल्यामुळे मला थोडक्यात लिहिता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चहा घेऊन बसा.

मला नोकरी लागल्याचं तुमच्या कानावर आलं असेल, पण कसली ते कुणी सांगितलं नसणार, कारण सांगणाऱ्याला आधी हसू येतं. सारोळ्याच्या अलीकडं हायवेला मोठं रिसॉर्ट झालं आहे. त्याला परवानगी देताना पंचायतीनं अट घातली की आसपासच्या गावांतल्या पाच बायका कामाला घ्यायच्या. त्या पाचांत मी. भीमजयंती होऊन आठ दिवस झाले होते आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. तिथल्या साहेबांनी विचारलं, कुणाला काय पाहिजे बोला, स्वयंपाकघर, धुणं, बाग, का बर्फघर? आपल्या शेजारच्या ठकुबाईनं झटक्यात स्वयंपाकघर मागितलं. मी म्हटलं बर्फघर. मला वाटलं रसवंतीवाला लादी ठेवतो तशी काहीतरी खोली असेल, झाडून पुसून घ्यायची, उन्हाळा गारव्यात निघून जाईल. तेव्हा ठकुबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातली भाकरी उचलली. (आता ती भांडी घासता घासता काचेतून मला बघते, आणि मी पडले की पातेलं मुद्दाम आपटते.)

आक्का, ती खोली आपल्या विहाराच्या चौपट आहे आणि तिची सगळी जमीन बर्फाची आहे. खालून यंत्रं लावून गोठवलेली. पुण्या-साताऱ्याची माणसं गाड्या घेऊन येतात, विळीसारखं पातं खाली बसवलेले बूट पायांत घालतात, आणि त्या पात्यावर उभी राहून घसरतात. हौसेनं. चिखलात घसरू नये म्हणून आपण जन्म काढला आणि हे लोक त्यासाठी तिकीट काढतात. माझं काम म्हणजे पडलेल्याला उठवायचं, घाबरलेल्याला हात द्यायचा, आणि पोरांना धरून चालायला प्लास्टिकचे पेंग्विन ठेवलेत ते द्यायचे आणि गोळा करायचे. हे सगळं बर्फावर, तसलेच पात्याचे बूट घालून. हे शेवटचं वाक्य त्यांनी मला कागदावर सही करून झाल्यावर वाचून दाखवलं.

शिकवायला राजनंदिनी मॅडम आहेत. भोरच्याच, पंचविशीतल्या, पुण्याला कॉलेजात असताना हे शिकल्या. पोरगी गुणाची आहे, मला मावशी म्हणते. पहिल्या दिवशी तिनं बूट हातात दिले आणि आत या म्हणाली. मी दाराशी आले, तर समोर पांढरीशुभ्र जमीन, कुणी नुकतीच पुसून ठेवल्यासारखी. आता दुसऱ्याच्या स्वच्छ जमिनीवर पायात घालून कसं जायचं? मी बूट उंबऱ्याशी नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी आत गेले. चार पावलं गेले आणि तळव्यांतून अशी कळ डोक्यात गेली की मी तिथंच उभी राहिले, आणि उभी राहिले म्हणून पाय चिकटायला लागले. मॅडमनी ओढून बाहेर आणलं. पहारेकरी धनाजी (आपल्या भोर डेपोतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला) लांबून म्हणाला, "बाई, विहारात न्हाई आलात, बूट घाला." त्या दिवसापासून तो मला रोज बूट घालून आलात का विचारतो. माणसाला एकदाच चुकायचीही सोय उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पडायला शिकवलं. मी म्हटलं, मॅडम, मला त्रेपन्न पूर्ण झाली, पडायचं आता शिकायचं राहिलं नाही, उभं राहायचं तेवढं सांगा. तर ती म्हणाली, नीट पडणाराच लवकर शिकतो. तर ऐका, उपयोगी पडेल: गुडघे वाकवायचे, बाजूला कलायचं, कुल्ल्यावर बसकण मारायची आणि हाताच्या मुठी मिटायच्या, नाहीतर दुसऱ्याचं पातं आपल्या बोटांवरून जातं. मी पहिल्या आठवड्यात हे इतकं मन लावून केलं की उजवी बाजू काळीनिळी झाली. मग डाव्या बाजूला पडायला लागले, तर त्या बाजूची सवय नव्हती म्हणून जास्त लागलं. रात्री कुशीवर झोपता येईना आणि पाठीवर झोपलं की छत दिसतं, मग विचार येतात.

सगळ्यात वाईट तो गणवेश. ट्रॅक पँट आणि जाकीट. आयुष्यात पहिल्यांदा पायजमा घातला, त्याचंही काही नाही, थंडीत ऊब लागते. पण आक्का, पदर नसतो. कमरेला खोचायला हात जातो आणि पदर नसतो. घाम पुसायला हात जातो आणि पदर नसतो. (बर्फात घाम येतो का विचारू नका, भीतीचा येतो.) मे महिन्यात सरपंच आणि चार वडीलधारी माणसं आपल्या गावच्या बायकांचं काम कसं चाललंय ते बघायला आली. मी तेव्हा कठडा सोडून पहिल्यांदाच मधोमध उभी होते. मॅडम टाळ्या वाजवत होती. एवढ्यात दारातून सरपंच आले आणि तीस वर्षांच्या सवयीनं माझे दोन्ही हात डोक्यावरून पदर घ्यायला वर गेले. दोन्ही एकदम. पदर काही हाताला लागला नाही, आणि तोल सांभाळायला हातच शिल्लक नव्हते. मी जी आडवी झाले ती थेट त्यांच्या बुटांपर्यंत घसरत गेले. सरपंचांना वाटलं मी पाया पडायला आले, ते म्हणाले, "असू द्या, असू द्या." मॅडम म्हणाली मावशी सराव करतायत. त्यांनी बघितल्याचा शेरा मारला आणि चहा घ्यायला गेले.

त्यानंतर मी पेंग्विन धरूनच हिंडायला लागले. तो चांगला कमरेइतका उंच आहे, चेहरा हसरा आहे, आणि पुढं चालत राहतो. पण रविवारी गर्दी झाली आणि एक चार वर्षांची मुलगी रडत आली की त्या आजीकडे माझा पेंग्विन आहे. तिच्या आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्यात माझा दोष नव्हता, पण पेंग्विन द्यावा लागला. मग मी कठड्याला धरून तासभर उभी राहिले. त्या तासात मला खरंच वाटलं की हे आपलं काम नव्हे. पुढं पाऊल टाकायला गेलं की पायाची बोटं आपोआप रोवली जातात. चिखलात बोटं रोवली की पाय धरतो. बर्फावर त्या बुटात बोटं रोवली की पात्याचं टोक अडकतं आणि माणूस तोंडावर जातो. अडीच महिन्यांत मला पुढं सात पावलांच्या वर जाता आलेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

पण जूनमध्ये एक झालं. माझा हातमोजा खाली पडला. तो घ्यायला वाकले, डावा हात रोपांची जुडी धरतो तसा पोटाशी, उजवा हात खाली, आणि मोजा हाताला लागायच्या आत मी मागं सरकायला लागले. एक पाय, दुसरा पाय, एक पाय, दुसरा पाय, लावणीला जातो तशी. डोकं खाली, नजर समोरच्या जागेवर, आणि सबंध खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला मी उलटी गेले. कठड्याला पाठ लागली तेव्हा मला कळलं. मॅडम पळत (म्हणजे घसरत) आली. "मावशी, हे कुठं शिकलात? मला उलटं जायला आठ महिने लागले." मी काय सांगणार? म्हटलं, शिकले कुठं नाही, आमी मागंच जातो. भातलावणीत माणूस पुढं गेलं तर लावलेलंच तुडवेल की. तिच्या घरी शेती आहे, पण बिचारी कधी खाचरात उतरलेली नाही. तिनं मला परत परत करायला लावलं, मोबाईलवर शूटिंग केलं. पुढं मात्र सातच पावलं.

आणखी एक खोड निघाली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण त्यात तुमचा हात आहे. उलटी जाताना मी उजवीकडं सरकते. दर वेळी. मॅडमनी बूट बदलून बघितले, पातं तपासलं, काही सापडेना. मला घरी आल्यावर सापडलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुमच्या डाव्या हाताला लावणी केली, तुमच्या कोपराकडं बघत माझी ओळ धरली. तुमची ओळ दोरी लावल्यासारखी असायची, मी नुसती तुम्हाला चिकटून राहायचे. आता उजवीकडं कुणी नाही, म्हणून शरीर तिकडं जातं. खोटं सांगत नाही, भाऊजी गेले आणि पाठोपाठ हे गेले तेव्हा रडायला माणसं होती. पण प्रशिक तुम्हाला आरामासाठी वेल्ह्याला घेऊन गेला, खाचरं सोनबाला वाट्यानं दिली, आणि त्या जुलैत मी बांधावर उभी राहून दुसऱ्या बायकांची लावणी बघितली, तेव्हा मला जितकं एकटं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुठं, स्पीकरवर?

तर ते शूटिंग मॅडमनी कौतुकानं कुठंतरी टाकलं आणि ते फिरत फिरत माझ्या अभिषेककडं गेलं. मागच्या रविवारी तो धायरीहून मोटारसायकलवर आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण तो माझ्या दंडावरचा डाग बघत बसला. त्याच्या बिल्डिंगमध्ये एक आजी न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, त्या अजून उठलेल्या नाहीत. तो म्हणाला, "आई, तू पडलीस तर मला कळायला दोन तास लागतील." त्याचं चुकत नाही, हेच अवघड आहे. पण त्याच्याकडं पाचव्या मजल्यावर मी करायचं काय? दोघं सकाळी कामाला जातात. दिवसभर बेल वाजली की दार उघडायचं आणि पार्सल घ्यायचं. मागं पंधरा दिवस राहिले तर पार्सलवाल्या सगळ्या पोरांची नावं पाठ झाली. आक्का, मला फार काही नको आहे. सकाळी माझ्या दाराला माझ्या हातानं कडी लावून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी ती माझ्याच हातानं काढायची, एवढंच पाहिजे.

शेवटी असं ठरलं की बावीस तारखेला, सोमवारी, माझे तीन महिने भरतात. त्या दिवशी परीक्षा आहे. पास झाले तर नोकरी कायम, आणि अभिषेक पुन्हा विषय काढणार नाही. नापास झाले तर घराला कुलूप लावून धायरीला. मी शब्द दिला आहे आणि त्यानंही दिला आहे. मॅडम म्हणते काळजी करू नका. कारण असं निघालं की नव्या घाबरलेल्या माणसाचे दोन्ही हात धरून त्याला चालवायचं तर हात धरणाऱ्याला उलटंच जावं लागतं. महिनाभर मी ज्याला खोड समजत होते तेच काम निघालं. आता रोज मॅडम नवखी झाल्यासारखं करते, मी तिचे हात धरून उलटी जाते, आणि ती आरशासारखी समोर असल्यामुळे उजवीकडंही जरा कमी सरकते. पुढं सातच पावलं, पण पुढं कुणी विचारणार नाही म्हणते.

तरी एकंदरीत माझं मत तुम्हाला स्पष्ट सांगते. पन्नाशी उलटलेल्या बाईनं, त्यातून गुडघे दुखणाऱ्या, या वाटेला जाऊ नये. थंडी हाडात शिरते, बूट घोट्याला चावतात, आणि पडलेलं माणूस उठताना जे दिसतं ते कुणी बघू नये. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणावं. मी दमले आहे, आक्का. खरंच दमले आहे.

प्रशिकला आणि सूनबाईला जय भीम सांगा. नातवंडांना सांगा की किकवीची आजी बर्फावर काम करते. पडते हे सांगायची गरज नाही.

तुमची धाकटी जाऊ,
छाया

ता. क. पत्राला कारण नाही असं वर लिहिलं आहे, ते आता खोडत बसत नाही. कारण आहे. परीक्षा अशी आहे की आयुष्यात कधी बर्फावर पाऊल न ठेवलेल्या माणसाला या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नेऊन परत आणायचं, दोघांपैकी कुणीही न पडता. पुण्याहून मोठे साहेब बघायला येणार आहेत. तिथल्या नोकराचाकरांतलं माणूस चालत नाही, ज्याचं त्यानं बाहेरून आणायचं. मी गावात अकरा जणींना विचारलं. एकही तयार नाही, कारण गेले अडीच महिने गिरणीत पीठ दळेपर्यंत मीच त्यांना माझं पडणं रंगवून रंगवून सांगत आले. ठकुबाईच्या नात्यातलं कुणी मिळतंय का म्हणून तिच्या बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, माझी हाडं मला अजून लागत्यात." तुम्हालाही एवढं सविस्तर लिहायला नको होतं, पण हात थांबला नाही.

ता. क. २. रविवारी एकवीसला आषाढ पौर्णिमा आहे, विहारात वर्षावास सुरू होतोय. प्रशिकला तेवढंच सांगा. वंदनेला आपण खरंच बसू, म्हणजे खोटं व्हायचं नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं चेलाडीपर्यंत या, मी फाट्यावर उभी असेन. तुमचा फॉर्म भरून दिला आहे. वय बावन्न लिहिलंय, म्हणजे तुम्ही माझ्याहून एक वर्षानं धाकट्या झालात, साहेबांसमोर चुकून छाया म्हणू नका, आक्का म्हणा. गुडघ्यांच्या रकान्यात "तक्रार नाही" लिहिलंय. पाच नंबरचे बूट बाजूला काढून ठेवलेत, पाय सुजत असतील तर जाड मोजे आणू नका. ट्रॅक पँट घालावी लागेल. हे आत्ताच सांगते, तिथं वाद नको.

ता. क. ३. तुम्हाला आणि कुणाला सांगणार, म्हणून लिहिते. नियम असा आहे की धरलेलं माणूस पडायला लागलं की आपण हात सोडायचे, म्हणजे निदान एक जण उभा राहतो आणि दुसऱ्याला उठवतो. मॅडमनी हे वीस वेळा करून घेतलं. मला जमत नाही. ती पडायला लागते आणि माझी मूठ आणखी घट्ट होते, मग दोघी जातो. ती म्हणते, मावशी, परीक्षेच्या दिवशी तरी सोडा. मी हो म्हटलं आहे. घर उघडं राहिलं तर तुमची खोलीही उघडी राहील, बरं नसेल तेव्हा यायला, हे मी झोपताना रोज मनाशी म्हणते. तुम्ही पडणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. साहेबांनी नापास केलं तर करोत, तुमचं कंबरडं मोडलं तर त्याची माफी आत्ताच मागून ठेवते, पण आक्का, तुमचा हात माझ्याच्यानं सुटायचा नाही.